लाल ठिपका आणि शहाबादी फरशी

जी वस्तू अजून एकदाही पडली नाही, तिच्यावर माझ्या सासऱ्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. पडलेल्या, चेपलेल्या, पोचे आलेल्या वस्तूंशी ते आपुलकीने वागत. नवीकोरी, खोक्यातून नुकतीच काढलेली, भुशाचा वास येणारी वस्तू समोर आली की मात्र त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. कुणी कौतुकाने विचारलं, "कशी काय वाटते मामाजी?" की ते म्हणत, "आता काय सांगू? पडली कुठं ते अजून? पडू द्या, मंग सांगतो." आणि ती आपणहून पडण्याची वाट पाहण्याइतका त्यांना धीर नसे.

आमच्या नागपुराकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. हे मामाजी कामठीच्या छावणीत आर्मरर होते, म्हणजे फौजेची हत्यारं दुरुस्त करणारे. तिथून निवृत्त झाल्यावर त्यांनी नागपूरच्या सदर भागातल्या एका मागच्या गल्लीत, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत दुकान मांडलं. दुर्बिणी, मोजणीची यंत्रं, बंदुकीवर नेम धरण्यासाठी बसवतात त्या काचा, असं सगळं नाजूक सामान त्यांच्याकडे दुरुस्तीला येई. दुरुस्त झालेली वस्तू आधी टेबलाच्या उंचीवरून घडी घातलेल्या गोणपाटावर पाडायची, मग सागाच्या फळीवर, आणि शेवटी उघड्या शहाबादी फरशीवर. तिन्ही वेळा जी जशीच्या तशी राहिली, तिला सुतळीने एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधून त्यावर ते शिसपेन्सिलीने 'ठीक' असं लिहीत. नागपुरातल्या शिकारी, जंगलखात्यातल्या आणि रायफल क्लबातल्या मंडळींत त्या 'ठीक'ला मोठी किंमत होती. तिसऱ्या फेरीत जी वस्तू गेली ती मामाजी पुन्हा दुरुस्त करत, पुन्हा पाडत, आणि गिऱ्हाईक बाहेर बाकावर बसून कानांत बोटं घालून घेई.

माझी त्यांची ओळख अशा पडापडीतूनच झाली. मी तेव्हा मोजणी खात्यात नवा होतो आणि माझ्या हातून सरकारी लेव्हल यंत्र उमरेडकडच्या एका नाल्यात पडलं होतं. 'प्रवासात आपोआप बिघडलं' असं सांग, असा कचेरीतल्या जाणत्यांचा सल्ला होता. मामाजींनी यंत्र हातात घेतलं, डावा डोळा मिटून उजव्याने आरपार पाहिलं आणि विचारलं, "कोनं पाडलं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मीच." ते यंत्र बाजूला ठेवून आतल्या दाराकडे वळले आणि ओरडले, "अवं, चाय टाक वं! खरं बोलनारा आला एक!" तो चहा घेऊन जी मुलगी बाहेर आली, तिच्याशी वर्षभरात माझं लग्न झालं. बघण्याच्या कार्यक्रमात मुलाकडची मंडळी आम्ही, तरी प्रश्न विचारला मामाजींनीच, आणि तोही एकच. "नापास झालते का कधी?" मी इंटरला दोनदा, असं सांगताना आमच्या वडिलांनी सतरंजीखालून माझ्या पायावर पाय दिला. मामाजींचा चेहरा मात्र उजळला. "दोनदा! आणि तरी उठून पास झाले? बस, मले अजून काई इचारनं नाई."

लग्नात त्यांनी मला मनगटी घड्याळ दिलं. दिलं म्हणजे माझ्या हातात ठेवलं, परत घेतलं, आणि भर मांडवात, दीडशे माणसांसमक्ष, कमरेच्या उंचीवरून खाली सोडलं. घड्याळ बंद पडलं. माझी आई रडायलाच लागली, कारण तिच्या लेखी हा मोठा अपशकुन होता. मामाजी शांतपणे वाकले, घड्याळ कानाला लावलं आणि म्हणाले, "बरं झालं आजच कळलं. नाईतर यानं तुमाले साल दोन साल खोटा टाइम सांगतला असता, जवाईबापू." पुढच्या महिन्यात दुसरं घड्याळ आलं. ते कुठे कुठे पाडून आणलं होतं देव जाणे. त्याची काच खरवडलेली होती, पण अजून चालतं आहे. घरातला स्टोव्ह, रेडिओ, बॅटरी, सासूबाईंचा पितळी अडकित्ता या सगळ्यांनी ही परीक्षा दिलेली होती. चिनी मातीच्या कपांना सासूबाईंनी शपथ घालून सूट मिळवली होती. ते आणले की ती माउली आधी पदराखाली घेऊन आत पळे.

त्यांची दुसरी खोड म्हणजे तो मिटलेला डावा डोळा. तीस-पस्तीस वर्षं बंदुकीच्या नेमातून पाहून पाहून त्यांना कुठलीही गोष्ट नीट बघायची झाली की डावा डोळा आपोआप मिटायची सवय जडली होती. पेपर वाचताना, सुईत दोरा ओवताना, पंचांग बघताना उजवा उघडा आणि डावा बंद. माझ्या लग्नाच्या फोटोत मुलीचे वडील कॅमेऱ्याकडे डोळा मारताना दिसतात. गोकुळपेठेच्या बाजारात एकदा ते वांगी निरखत होते, आणि वांगी विकणाऱ्या बाईचा असा काही गैरसमज झाला, की तिने तराजूचं पारडंच उगारलं. सासूबाईंनी मध्ये पडून सांगितलं, "बाई, हे देवाले बी असंच पायते." त्यानंतर बाजाराला सासूबाई एकट्या जाऊ लागल्या.

आता लाल ठिपक्याचं. एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट असेल. रायफल क्लबातले एक वकील होते, उत्साही, बोलके, दर सहा महिन्यांनी काहीतरी नवीन आणणारे. त्यांच्या भावाने परदेशातून एक नळी पाठवली होती. वीतभर लांब, काळी. बंदुकीवर बसवायची आणि आत पाहायचं. आत एक लाल ठिपका पेटलेला दिसे. गंमत अशी, की पाहणाऱ्याने डोकं थोडं इकडे तिकडे हलवलं तरी ठिपका निशाणावरून हलत नसे. जिथे ठिपका तिथे गोळी. मागच्या खोबणीत पुढचं टोक, त्यावर निशाण, हा जुना जुळवाजुळवीचा खेळच संपला. वकिलांना ती फक्त आपल्या बंदुकीवर पक्की बसवून हवी होती. त्यांनी बजावून सांगितलं, "उस्ताद, हे पाडायचं नाई बरं का. हे नागपुरात एकच पीस हाय." मामाजींनी मान डोलावली. ती होकाराची मान नव्हती, हे मला कळलं होतं, पण मी जावई पडलो.

सुरुवातीला मामाजींना ती नळी मुळीच पटली नाही. "सेलवर चालते म्हंजे काय, बंदूक हाय का रेडिओ?" असं ते दोन दिवस म्हणत होते. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर ते व्हरांड्यात बसून नळीतून अंगणातल्या जांबाच्या झाडाकडे पाहत होते. पेरूला आमच्याकडे जांब म्हणतात. डोकं डावीकडे न्यायचे, उजवीकडे न्यायचे, आणि लहान मुलासारखे हसायचे. "पाहा ना जवाईबापू, मी हालून राहिलो, पन थो हालतच नाई! असा मानूस पायजे." नळीची त्यांनी इतकी तारीफ केली, की मला तिची काळजी वाटू लागली. मामाजींचं ज्या वस्तूवर प्रेम बसे, तिची परीक्षा ते जास्तच कडक घेत.

पाचव्या दिवशी नळी पडली. गोणपाटावर ठीक, फळीवर ठीक, फरशीवर मात्र पुढची काच तडकली. तिच्या पुढच्या टोकाला दोन काचा होत्या. आतली ठिपका दाखवणारी, आणि बाहेरची तिची राखण करणारी. राखणीच्या काचेवर बारीक बारीक तड्यांचं असं जाळं झालं की पलीकडचं काही दिसेना. ती काढावी तर दोन्ही एकाच खाचेत चिकटवलेल्या. बाहेरचीला हात लावला की आतली हलणार. हे सगळं मला वकिलांकडून कळलं, कारण ते संध्याकाळी मी असतानाच दुकानात आले, नळी पाहिली, आणि गल्ली गोळा होईल इतक्या मोठ्याने बोलू लागले.

"मी बजावलं होतं ना उस्ताद? बजावलं होतं का नाई? काहून पाडली तुमी?"

"पाडल्याबिगर 'ठीक' कसं लिवू?" मामाजी म्हणाले.

"आता लिवा मंग! लिवा 'ठीक'! हे पाहा, काय दिसते यातून? आंधळी झाली हे!"

मामाजी एरवी अशा वेळी थट्टेवर नेत. त्या दिवशी त्यांचा आवाज अगदी बारीक होता. "आंधळी नाई झाली, वकीलसाहेब. ठिपका पेटून हाय आणि जाग्यावर हाय. ऐतवारी रेंजवर लावा. पाच गोळ्या मारा. एक बी गोळी वाटीच्या तोंडाबाहेर गेली, तं मी हे दुकान बंद करतो. परत कोनाच्या वस्तूले हात लावनार नाई."

त्यांच्या सगळ्या आयुष्याची कमाई म्हणजे तो पुठ्ठ्याचा 'ठीक' होता, आणि तो त्यांनी एका तडकलेल्या नळीवर लावला होता. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा हरले तर मरतील हो." ती असं बोलणारी नव्हती, म्हणून मलाही भीती वाटली.

रविवारी सकाळी मी त्यांना स्कूटरवर बसवून रेंजवर नेलं. क्लबातली झाडून सगळी मंडळी आली होती. कुणाला नळीत रस होता, कुणाला वकिलांच्या संतापात, आणि बहुतेकांना उस्ताद हरतात का ते पाहण्यात. पंचवीस यार्डांवर कागद लावला. कागदावर घरच्या वाटीभोवती पेन्सिल फिरवून काढलेलं वर्तुळ होतं. ती वाटी सासूबाईंनी रुमालात बांधून दिली होती. वकील पालथे झाले, बंदूक खांद्याला लावली, डावा डोळा मिटला आणि लगेच उठून बसले. "काईच दिसत नाई! नुसता अंधार आणि लाल ठिपका!"

"डावा काहून मिटला?" मामाजी म्हणाले. "दोनी उघडे ठेवा. उजवा ठिपका पायते, डावा कागद पायते. दोघाईची भेट मगजात होते. ठिपका कागदावर येऊन बसन, पाहा."

वकील पुन्हा पालथे झाले. या वेळी बराच वेळ काही हालचाल नव्हती. मग ते बंदुकीवरून मान न हलवता, वेगळ्याच आवाजात म्हणाले, "अरे बाप्पा. बसला."

पाच गोळ्या झाल्या. कागद आणला. चार भोकं वर्तुळाच्या आत होती आणि पाचवं रेघेवर. रेघ आतली की बाहेरची यावर पाच मिनिटं कडाक्याचा वाद झाला आणि शेवटी वकिलांनीच, म्हणजे फिर्यादीनेच, ती आतली ठरवली. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता. फुटक्या काचेतून नेम लागतो ही गोष्ट त्यांना आता नागपूरभर सांगायची होती. त्यांनी मामाजींना मिठी मारली आणि बंदूक त्यांच्या हातात दिली. "उस्ताद, आता तुमी मारा एक. तुमचाच मान हाय." सगळ्यांनी ओरडा केला. मामाजींनी बंदूक पाहिली, आणि परत दिली. "मालकाची बंदूक मालकानंच चालवावी," ते म्हणाले, आणि स्कूटरकडे चालू लागले. मला वाटलं, जिंकलेल्या माणसाचा हा रुबाब असेल.

दुसऱ्या दिवशी कचेरीत निरोप आला, की येताना पोस्टकार्डं घेऊन या. मी गेलो तर दुकानाची पाटी खाली उतरवून भिंतीला उलटी टेकवलेली. मामाजी जमिनीवर बसले होते आणि पुढ्यात गिऱ्हाइकांची वही होती. "तुमचं अक्षर चांगलं हाय, लिवा," म्हणाले. त्यांनी सांगितलं ते मी लिहून घेतलं. 'स.न.वि.वि. गेल्या दोन वर्षांत आपली दुर्बीण मी दुरुस्त करून 'ठीक' म्हणून दिली. ती तपासताना माझा डावा डोळा निकामी होता, हे मला ठाऊक नव्हते. दुर्बिणीच्या दोन नळ्या दोन डोळ्यांनीच जुळवाव्या लागतात. तरी आपण ती दुसऱ्या जाणत्याकडून तपासून घ्यावी. कळावे.'

माझा हात थांबला. आतल्या दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनीच मग सांगितलं. नळी तडकली त्या दुपारी मामाजींनी तिच्यातून पाहिलं तर नुसता अंधार आणि ठिपका. डावा डोळा उघडून पाहिलं तरी तेच. नळी गेली, असं समजून ते डोक्याला हात लावून बसले. सासूबाई म्हणाल्या, आणा बरं इकडं, मी पायतो. त्यांनी दोन्ही डोळे उघडे ठेवून नळी धरली आणि म्हणाल्या, "काहून, दिसते तं! ठिपका जांबाच्या झाडावर हाय." मामाजींनी नळी परत घेतली, पुन्हा पाहिलं, मग उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून नुसत्या डाव्याने अंगण पाहिलं. अंगण नव्हतं. जो डोळा जन्मभर मिटूनच ठेवला, तो मिटल्या मिटल्या कधी गेला हे त्यांनाही कळलं नव्हतं आणि आम्हालाही. डॉक्टरांनी पुढे काचबिंदू म्हणून सांगितलं, आणि गेलेलं परत येत नाही म्हणूनही सांगितलं.

"पण मामाजी," मी म्हणालो, "हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं, तर मग दुकानाची पैज कशाला लावली? पैज तर तुम्ही जिंकलात."

"दुकान तं बंदच करनं होतं," ते म्हणाले. "पन लोकं म्हनले असते, नळी फुटली म्हनून उस्ताद बसला. तिचा काय गुन्हा? ते बिचारी फरशीवर पडून बी जाग्यावर राह्यली. माह्या डोयाचा आळ तिच्यावर काहून?"

कार्ड जरा सौम्य करावं म्हणून मी सुचवलं, 'डोळ्यांच्या त्रासामुळे' असं लिहू का? मामाजींनी मान हलवली. "तरास नाई जवाईबापू, डोयाच नाई. तसंच लिवा." मी तसंच लिहिलं. एकवीस कार्डं झाली. त्यातले बरेच जण दुर्बिणी घेऊन परत मामाजींकडेच आले आणि म्हणाले, आम्हाला तर झकास दिसतं. मामाजींनी कुणाचीही दुर्बीण हातात घेतली नाही. ज्याच्याशी त्यांचं वीस वर्षं पटलं नव्हतं अशा एका कारागिराकडे सगळ्यांना पाठवलं. दोन दुर्बिणी वाकड्या निघाल्या. त्या दोघांच्या घरी मामाजी स्वतः गेले. एक कळमेश्वरला राहत होता. तिथेही गेले, एसटीने. मला बरोबर येऊ दिलं नाही.

वकिलांनी ती नळी मामाजींनाच देऊन टाकली. माणूस दिलदार होता, हे मला तोवर माहीत नव्हतं. पुढे औषधाचे थेंब वेळच्या वेळी घालूनही उजवा डोळा हळूहळू मंदावत गेला आणि चारेक वर्षांत ऊन आणि सावली एवढंच कळू लागलं. पाडापाडी बंद झाली. घरात नवी वस्तू आली की आम्ही त्यांच्या हातात देत असू. ते ती चाचपत, जोखत, आणि परत देत. आम्हाला ते पाहवत नसे. एकदा माझ्या बायकोने मुद्दाम नवा स्टीलचा डबा त्यांच्यासमोर फरशीवर सोडला, तर ते दचकले आणि म्हणाले, "सांभाळून वं." त्या रात्री ती खूप रडली.

शेवटच्या हिवाळ्यात मी एका सकाळी गेलो तेव्हा ते व्हरांड्यात उन्हाला बसले होते आणि नळी मांडीवर होती. माझ्या हातात देऊन म्हणाले, "पाहा बरं जवाईबापू, कशी हाय." मी दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं. आतला सेल संपला होता. तसला सेल नागपुरात मिळत नव्हता. नळीत नुसता काळोख होता. काहीतरी गोड बोलावं असं फार मनात आलं, पण त्या माणसापुढे ते तोंडातून निघेना.

"मामाजी, ठिपका विझला."

ऊन त्यांच्या तोंडावर होतं आणि दोन्ही डोळे उघडे होते.

"विझन नाई तं काय," ते म्हणाले. "पन हालला तं नाई ना?"

मी पुन्हा नळी डोळ्याला लावली आणि त्या काळोखात बराच वेळ पाहिलं.

"नाही मामाजी," मी म्हणालो, "हालला नाही."